दोन मुठी, दोन्ही डाव्या

माझ्या मोटारसायकलीच्या मुठी बदलायच्या होत्या. बस, एवढंच. इंजिन बदलायचं नव्हतं, घर बदलायचं नव्हतं, सरकारही बदलायचं नव्हतं. हँडलच्या दोन टोकांना जी टीचभर रबरं असतात, ती काढून नवी, जरा मऊ, हाताला सुखाची अशी बसवायची. माझ्या अंदाजाने अर्ध्या तासाचं काम. प्रत्यक्षात तीन आठवडे, एक नोटीस, एक पोलीस आणि एक डॉक्टर लागले.

मी चित्रकलेचा शिक्षक आहे. राहतो गंगापूर रोडला आणि शिकवतो दिंडोरीच्या अलीकडच्या एका हायस्कूलमध्ये. जाऊन-येऊन पंचेचाळीस किलोमीटर, आणि गेली चौदा वर्षं एकच मोटारसायकल. शाळेत माझी एका गोष्टीसाठी ख्याती होती. हे मी स्वतः सांगू नये, पण दुसरं कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. फळ्यावर हात टेकवायचा नाही, कंपास घ्यायचा नाही, आणि एका दमात असं वर्तुळ काढायचं की गणिताच्या सरांनी येऊन मोजावं. त्यांनी एकदा खरंच मोजलं होतं. नंतर ते दोन दिवस माझ्याशी कमी बोलले.

तर जानेवारीतल्या एका सोमवारी मी नववी ब मध्ये खडू उचलला आणि वर्तुळ काढलं. ते बटाट्यासारखं आलं. वर्ग हसला असता तर मी ओरडलो असतो आणि विषय संपला असता. पण पहिल्या बाकावरची एक गुणी मुलगी वही उघडून अदबीने म्हणाली, "सर, आम्ही पण असंच काढायचं का?"

हात बधिर झाला होता. बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या होत्या आणि खडू धरलाय की नाही हे बघून खात्री करावी लागत होती. थंडीचे दिवस होते, म्हणून मी ते थंडीवर ढकललं. मंगळवारी हातमोजे घालून गेलो. वर्तुळाचं वांगं झालं. बुधवारी मी मुलांना चौकोन शिकवायला घेतला.

खरं सांगायचं तर मी घाबरलो होतो. माणसाला एकच गोष्ट नीट येत असेल आणि तीच हातातून निसटू लागली, तर तो काय करतो? तो दुसऱ्या कशावर तरी खापर फोडतो. मी मुठींवर फोडलं. गुरुवारी पार्किंगमध्ये मी त्या मुठी दाबून पाहिल्या आणि मला साक्षात्कार झाला. चौदा वर्षांत रबर झिजून गुळगुळीत आणि दगडासारखं टणक झालं होतं. हात बधिर होतील नाही तर काय! डॉक्टरकडे जायची गरजच नव्हती. दोष गाडीचा होता. मला इतकं हलकं वाटलं की मी जिना दोन-दोन पायऱ्या टाकत चढलो.

बायकोला, म्हणजे पूजाला, मी फक्त "मुठी बदलायच्या आहेत" एवढंच सांगितलं. बोटांचं सांगितलं नाही. ती घरी शिवणाचा क्लास घेते. सुईत दोरा ओवता ओवता तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "बदला की. त्यात एवढं आनंदी व्हायला काय झालं?"

फोनवर मी मुठी शोधू लागलो आणि माणसाने हातासाठी किती विचार केलाय हे पाहून थक्क झालो. रबराच्या, जेलच्या, फोमच्या, खाचांच्या, बिनखाचांच्या, एक तर चक्क उंटाच्या पाठीसारखी. खाली लोकांचे अभिप्राय. एकाने लिहिलं होतं, 'अप्रतिम, वडिलांना भेट दिली.' दुसऱ्याने त्याच मुठीला एकच तारा दिला होता, कारण डबा फाटका आला. तीन संध्याकाळी वाचून मी फोमच्या जाडजूड मुठी मागवल्या. त्यांच्या खाली लिहिलं होतं, 'ढगाला धरल्याचा अनुभव'. ढगाला धरून गाडी कशी वळवायची हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही.

त्याच्या पुढच्या शनिवारी मुठी आल्या. रविवारी सकाळी मी जुनी बनियन घालून, पाना, स्क्रू-ड्रायव्हर, कात्री आणि कागद कापायचं पातं घेऊन पार्किंगमध्ये उतरलो. आमच्या इमारतीत पार्किंगमध्ये माणूस पाना घेऊन बसला की जयरामकाकांना वरच्या मजल्यावर वास येतो. वय बहात्तर, ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त, आणि आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी.

"काय करतोस रे शेखर?"

"मुठी बदलतोय, काका."

"अरे वा. मूठ बसवणं म्हणजे शास्त्र आहे. विमानाची मूठ माहितीये? सगळं विमान त्या एका मुठीवर असतं." ते खुर्ची घेऊन आले. "आधी जुन्या काप. काढत बसू नकोस."

मी कापल्या. जुनी मूठ एकदा कापली की ती परत बसत नाही, म्हणजे आता माघार नाही, हे मला कापून झाल्यावर कळलं.

डावीकडची नवी मूठ अर्ध्यावर जाऊन अडकली. काका म्हणाले, "तेल लाव." मी वर जाऊन खोबरेलची बाटली आणली. तेल लावताच मूठ सर्रकन गेली. इतकी सुंदर गेली की आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मान डोलावली.

उजवीकडची मात्र तेल पिऊनही हलेना. मी ढकललं, काकांनी ढकललं, मग आम्ही दोघांनी मिळून ढकललं. उजव्या बाजूला हँडलच्या नळीवर रेसची आणखी एक प्लास्टिकची नळी असते. म्हणून उजव्या मुठीचं भोक डावीपेक्षा मोठं लागतं. हे ज्ञान आज मी कोणालाही फुकट देतो. त्या दिवशी ते माझ्याकडे नव्हतं, आणि डब्यात आलेल्या दोन्ही मुठी डाव्या होत्या.

"चिरा दे," काका म्हणाले. मी मुठीला आतून एक चिरा दिला आणि सगळा जोर लावून ती इतकी आत ठोकली की थेट बटणांच्या खोक्याला जाऊन भिडली.

"आता चालू कर."

मी गाडी चालू केली आणि ऐटीत रेस दिली. रेस गेली, पण परत येईना. मूठ खोक्याला घट्ट चिकटल्यामुळे जिथे पिळली तिथेच अडकून बसली होती. बंद पार्किंगमध्ये चौदा वर्षांची मोटारसायकल अशी किंचाळायला लागली की दुसऱ्या मजल्यावरची कबुतरं उडाली, तिसऱ्या मजल्यावरचं बाळ उठलं आणि समोरच्या इमारतीतले लोक गॅलरीत आले. मी दोन्ही हातांनी मूठ उलटी पिळत होतो. गाडीला किल्ली असते हे साफ विसरलो होतो. पूजा चार जिने उतरून आली, किल्ली फिरवली आणि गाडी गप्प झाली.

त्या शांततेत मी विचारलं, "काका, विमानाच्या मुठी तुम्ही अशाच बसवायचात?"

"मी कुठं बसवायचो?" काका म्हणाले. "मी स्टोअरला होतो. मूठ मी द्यायचो. सही घेऊन."

दुपारी दारात नोटीस आली. 'पार्किंगमध्ये यांत्रिक स्वरूपाची कामे करून ध्वनिप्रदूषण केल्याबाबत.' खाली सही जयरामकाकांची. मी ती घेऊन त्यांच्याकडे गेलो.

"काका, तुम्हीच तर खुर्ची टाकून बसला होतात!"

"शेजारी म्हणून बसलो होतो," ते शांतपणे म्हणाले. "नोटीस सेक्रेटरी म्हणून दिलीये. शेजारी म्हणून मी अजूनही तुझ्याच बाजूचा आहे. खुलासा सात दिवसांत दे. हवा तर मी मजकूर सांगतो."

त्यांनी मजकूर सांगितला, मी लिहिला, त्यांनी तो स्वीकारला आणि पोच दिली.

सोमवारी उजवी मूठ थोडी बाहेर ओढून, रेस मोकळी करून मी शाळेला निघालो. फोम खरंच मऊ होता. पण मूठ इतकी जाड की माझी बोटं क्लचपर्यंत पोहोचायला टाचा उंच केल्यासारखी ताणावी लागत होती. जुना गंगापूर नाक्याच्या सिग्नलला मी थांबलो, सिग्नल सुटला, मी हँडल वळवलं, आणि डावी मूठ अलगद निघून माझ्या हातात आली. खोबरेलने आपलं काम चोख केलं होतं. मागचे हॉर्न वाजवू लागले. मी कशीबशी गाडी कडेला घेतली आणि हातात ती काळी मूठ धरून, भाजलेलं कणीस घेतल्यासारखा उभा राहिलो.

वाहतूक पोलीस आला. तिशीचा असेल, शांत चेहऱ्याचा.

"काका, हातात काय आहे?"

"मूठ."

"कोणाची?"

"माझी. म्हणजे गाडीची."

"मग गाडीला का नाही?"

त्याने दंडाचं मशीन काढलं आणि बोटाने खाली-वर करत पुटपुटू लागला. "हेल्मेट... आहे. नंबर प्लेट... आहे. ट्रिपल सीट... नाही. काका, यात मुठीचं काहीच नाही." त्याला माझ्यापेक्षा जास्त वाईट वाटलेलं दिसलं. "फेरबदलात टाकू का?"

मी शिक्षक माणूस, शब्दावर अडून बसलो. "साहेब, फेरबदल म्हणजे काहीतरी नवीन लावणं. माझं तर लावलेलं निघालंय."

त्याने विचार केला. "हां, हेही आहे." मग मूठ हातात घेतली, वास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. "खोबरेल?"

मी मान खाली घातली.

"खोबरेल डोक्याला लावतात, काका." त्याने मशीन खिशात टाकलं, कडेच्या भाजीवाल्याकडून सुतळी मागून आणली आणि मूठ हँडलला करकचून बांधून दिली. वर स्वतः हलवून पाहिली. "हळू जा. आणि आज संध्याकाळी एखाद्या माणसाला दाखवा. म्हणजे, ज्याला कळतं अशा माणसाला."

सुतळीच्या गाठी तळहातात रुतवून घेत उरलेले वीस किलोमीटर गेलो. नववी ब मध्ये खडू तीन वेळा खाली पडला. तिसऱ्या वेळी त्याच गुणी मुलीने तो उचलून माझ्या तळहातावर ठेवला, आणि लहान मुलाची मिटवावीत तशी माझी बोटं मिटवली. कोणी हसलं नाही. ते हसले असते तर बरं झालं असतं.

संध्याकाळी घरी आलो, पण वर जाववेना. पार्किंगमध्ये गाडीवर तसाच बसून राहिलो. थोड्या वेळाने पूजा खाली आली.

"खिडकीतून बघतेय. अर्धा तास झाला तुम्ही बसलाय. आता कोणती मूठ?"

"मूठ नाही गं," मी म्हणालो, आणि मग सगळं सांगून टाकलं. मुंग्या, बटाटा, वांगं, खडू. "माझा हात जातोय बहुतेक. आणि तो गेला तर मला दुसरं काय येतं?"

माझा उजवा हात तिने हातात घेतला आणि कापडाचा पोत बघतात तसा उलटसुलट पाहिला. "आठवडाभर तुम्ही चहाची कपबशी दोन्ही हातांनी धरताय," ती म्हणाली. "मला वाटलं, संस्कार वाढलेत." मग माझा खांदा दाबला. "उद्या डॉक्टर. आणि गाडी महेबूबभाईंकडे. माझी स्कूटर तेच बघतात. या वयात तरी एखादं काम ज्याचं त्याला करू द्या."

डॉक्टरांनी माझी मनगटं वाकवली, टिचक्या मारल्या, बोटांना सुई टोचून "कळतं का?" विचारलं. कळत होतं. चांगलंच कळत होतं. "नस मनगटात थोडी दबतेय," ते म्हणाले. "वेळेत आलात. झोपताना पट्टी बांधा, आणि गाडीवर मनगट वाकवून, आवळून बसत असाल तर ते बंद करा. सुधारेल."

"वर्तुळ येईल का?"

"काय?"

"काही नाही," मी म्हणालो. बाहेर आल्यावर पूजाने माझ्यासाठी उसाचा रस घेतला आणि मी तो एका हाताने प्यायलो. मुद्दाम.

महेबूबभाईंचं गॅरेज दिंडोरी नाक्याजवळ. पासष्टीचे गृहस्थ, पांढरी दाढी, डोळ्यांवर जाड चष्मा. माझ्या फोमच्या मुठी, चिरा, सुतळी हे सगळं ते बघत राहिले. एखाद्याच्या घरी दुःखद प्रसंग घडल्यावर बसतात, तसे.

"सर, गाडीवर बसा," ते शेवटी म्हणाले.

मी ताठ बसलो.

"फोटो नाही काढायचा. रोज बसता तसे बसा."

मी रोजच्यासारखा बसलो. ते बाजूला वाकून माझ्या हातांकडे बघू लागले. मुठींकडे नाही, हातांकडे.

"देखो, तुमचं मनगट किती वर मोडलंय. ब्रेक आणि क्लचच्या दांड्या वर चढल्यात. त्या पकडायला तुम्ही रोज हात असा मोडता. किती वर्षं?"

"चौदा."

"आणि सर, तुम्ही हँडल धरत नाही. त्याचा गळा धरता. ते कुठं पळून चाललंय?"

त्यांनी दोन पाने घेऊन दोन्ही दांड्या किंचित खाली फिरवल्या. मला डोळे मिटून हात पुढे करायला लावले, पुन्हा फिरवल्या, पुन्हा डोळे मिटायला लावले. तिसऱ्या वेळी माझी बोटं सरळ दांडीवर जाऊन पडली. पेटीच्या सुरांवर पडावीत तशी. मग त्यांनी माझ्या ढगांना कचऱ्याच्या डब्यात टाकलं, नळी पेट्रोलने पुसून तेलाचा माग मिटवला आणि कपाटातून साध्या, बारीक, मऊ रबराच्या मुठी काढल्या.

"या इतक्या बारीक?" मी म्हणालो.

"तुमचा हात लहान आहे, सर. जाड वस्तू धरायला हात जास्त आवळावा लागतो. यात एक डावी आहे, एक उजवी. बघून घ्या."

मी बघून घेतल्या. महेबूबभाईंनी मुठींच्या आत केसांवर मारायचा फवारा मारला. त्याने मूठ ओली असताना सरकते आणि वाळली की चिकटते. एका झटक्यात मूठ बसली. उजवीच्या आणि खोक्याच्या मध्ये त्यांनी नखाएवढी फट ठेवली, रेस पिळून सोडली. ती टपकन परत आली. सगळं काम वीस मिनिटांत झालं. मी मनातल्या मनात माझ्या अर्ध्या तासाच्या अंदाजाला दाद दिली. अंदाज बरोबरच होता, माणूस चुकीचा होता.

मुठी वाळेपर्यंत गाडी तिथेच ठेवली आणि दुसऱ्या दिवशी आणायला गेलो, तेव्हा पूजा माझ्याआधी गाडीवर जाऊन बसली. सहज. मुठींवर हात ठेवून तिने दांड्या दाबून पाहिल्या आणि तिचा चेहरा बदलला.

"अहो, हे पोहोचतंय की मला! मला वाटायचं, गिअरची गाडी म्हणजे आपल्या हाताबाहेरचं."

"मग शिका ना, ताई," महेबूबभाई म्हणाले.

मी हसलो. हसायला नको होतं.

त्यानंतरचे दोन महिने थोडक्यात सांगतो. माझ्या मुंग्या हळूहळू ओसरल्या. फेब्रुवारीच्या शेवटी वर्तुळाचा बटाटा जाऊन पेरू झाला, मार्चमध्ये वर्तुळ झालं. गणिताच्या सरांनी मोजलं नाही, पण लांबून डोळे बारीक करून पाहिलं. इकडे पूजाने स्कूटरच्या परवान्यात गिअरची गाडी वाढवायचा अर्ज भरला. त्यासाठी फोटो लागला, शिकाऊ परवाना लागला आणि माझा संयम लागला. दर रविवारी मोकळ्या मैदानावर ती क्लच सोडायची आणि मी शेजारून धावत "हळू, हळू" ओरडायचो. सातव्यांदा गाडी बंद पडल्यावर ती म्हणाली, "तुम्ही जरा तिकडे झाडाखाली बसा." मी बसलो, आणि गाडी बंद पडायची थांबली. यावर मी काही बोलणार नाही. परीक्षेत तिने आठचा आकडा पाय न टेकता पहिल्याच फटक्यात काढला. मला माझ्या परीक्षेत तीन खेपा लागल्या होत्या.

जयरामकाकांनी तिला शेजारी म्हणून पेढा दिला, आणि सेक्रेटरी म्हणून फाटकाजवळ सावकाश चालवायला सांगितलं.

एप्रिलमधल्या एका शुक्रवारी तिला वणीला बहिणीकडे जायचं होतं. वणीचा रस्ता माझ्या शाळेवरूनच जातो. "तुम्हाला सोडून पुढे जाते," ती म्हणाली. मी मागे बसलो. चौदा वर्षांत त्या गाडीवर मी पहिल्यांदाच मागे बसलो होतो, आणि पाय कुठे ठेवायचे हे मला शोधावं लागलं. टोमॅटोचे क्रेट भरलेले पिकअप आम्हाला ओलांडून जात होते. एका ड्रायव्हरने मान बाहेर काढून आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हॉर्न दोनदा वाजवला. पूजाने उलट तीनदा वाजवला.

शाळेच्या फाटकात आख्खी नववी ब उभी होती. गाडी थांबली, मी उतरलो.

"डबा घेतलात का?" पूजाने सगळ्यांच्या देखत विचारलं.

"घेतला."

"पाण्याची बाटली?"

"घेतली गं."

"संध्याकाळी साडेपाचला इथेच थांबा. इकडेतिकडे जाऊ नका."

मुलं एकमेकांना कोपरखळ्या मारू लागली. ती गुणी मुलगी मात्र पुढे आली, पूजाच्या हातांकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मॅडम, मला पण येईल का?"

"हात दाखव," पूजा म्हणाली. मुलीने हात पुढे केला. पूजाने तो मुठीवर ठेवून पाहिला. "येईल. अठरा पूर्ण झाली की ये माझ्याकडे."

मग तिने किक मारली, पहिला गिअर टाकला आणि निघाली. घंटा झाली. मुलं ओरडत आत पळाली. मी डबा घेऊन फाटकातच थांबलो. वळणावर ती दिसेनाशी झाली, तरी आवाज येत होता. पुढचा चढ संपला असणार, तरी ती दुसऱ्यावरच होती आणि इंजिन ताणलं होतं. मी श्वास रोखून ऐकत राहिलो. टाक, आता तिसरा टाक.

टाकला. जरा खडखडला, पण टाकला.